पक्षाघातानंतर बोलणं गेलं, आणि घरात तीन भाषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात एकाच भाषेवर दिवस काढणारा माणूस शोधावा लागेल. रास्ता पेठेतल्या तमिळ घरात, पिंपरी कॅम्पातल्या सिंधी घरात, कोंढव्यात दखनी बोलणाऱ्यांकडे घरची भाषा एक आणि बाजारातली दुसरी. मराठी घरांतही रिक्षात हिंदी आणि ऑफिसात इंग्रजी असतेच. अशा माणसाला पक्षाघात, म्हणजे मेंदूचा झटका (स्ट्रोक) आला आणि बोलणं बिघडलं की घरच्यांना जे प्रश्न पडतात, ते इथे घेतले आहेत.

बोलता बोलता अचानक शब्द फुटेना, किंवा भलतंच बोलायला लागले. आधी काय करायचं?

१०८ ला फोन. भाषा अचानक बिघडणं हे पक्षाघाताचं पहिलं आणि कधीकधी एकमेव लक्षण असतं. हात, पाय, चेहरा अगदी ठीक असू शकतात. ‘झोप झाली नसेल’, ‘वयामुळे बरळतायत’ असं म्हणून लोक रात्र काढतात आणि तिथेच घात होतो. बहुभाषिक माणसात ही खूण आणखी फसवी असते. सुनेशी नेहमी हिंदीत बोलणाऱ्या सासूबाई एकदम तिच्याशी कन्नडमध्ये बोलू लागतात आणि घरच्यांना वाटतं, रागावल्या आहेत.

मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हा वेळ लक्षण लक्षात आलं तेव्हापासून मोजत नाहीत, माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री १० ला नीट बोलून झोपले आणि सकाळी ६ ला बोलता येईना, तर घड्याळ रात्री १० पासून चालू झालं. तरीही ‘आता उशीर झाला’ म्हणून घरी थांबू नका. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर निवडक रुग्णांमध्ये २४ तासांपर्यंत गुठळी बाहेर काढता येते. सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेल्या रुग्णालयातच न्या. घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका, कारण झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा हे स्कॅनशिवाय कळत नाही. पाणीसुद्धा पाजू नका, गिळणं बिघडलं असेल तर ते श्वासनलिकेत जातं. दहा मिनिटांत बोलणं परत आलं तरी जायचंच.

वाचाघात म्हणजे बुद्धी गेली असं समजायचं का?

नाही. डॉक्टर ज्याला अफेझिया म्हणतात तो वाचाघात हा भाषेचा आजार आहे. विचार, आठवणी, माणसं ओळखणं, राग-लोभ, पत्त्यांचा डाव हे बरंचसं जागेवर असतं. पक्षाघाताच्या साधारण तिघांपैकी एकाला सुरुवातीला वाचाघात होतो. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते, म्हणून उजवी बाजू लुळी पडलेल्यांत तो जास्त दिसतो.

१८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी अशा रुग्णाचा मेंदू दाखवला ज्याला ‘टॅन’ एवढंच म्हणता यायचं, पण समोरच्याचं बोलणं बरंचसं कळायचं. १८७४ मध्ये कार्ल वर्निके यांनी उलटा प्रकार मांडला: घडघड बोलणं, पण अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचं कळतही नाही. मराठीत पहिला प्रकार असा ऐकू येतो: ‘मी काल मंडईतून भाजी आणली’ याचं ‘काल... मंडई... भाजी’ उरतं. दुसऱ्या प्रकारात चाल, हेल, चढउतार सगळं मराठीचंच, पण शब्द भलते किंवा कधी न ऐकलेले. तिसऱ्यांना फक्त नावं सापडत नाहीत: ‘ते आपलं हे... चहा गाळायचं...’

जीभ जड होऊन उच्चार अस्पष्ट होणं ही वेगळी गोष्ट. ती व्यक्ती लिहून दाखवू शकते. वाचाघातात बहुधा लिहिणंही बिघडलेलं असतं.

बाबांची मराठी गेली, पण हिंदी येते. मातृभाषाच कशी जाईल?

जाऊ शकते. नेहमी आढळणारा प्रकार मात्र हा नाही. बहुतेक बहुभाषिक रुग्णांच्या सगळ्या भाषांना सारखा मार बसतो आणि त्या बरोबरीनेच सुधारतात. आधी हिंदी मराठीपेक्षा कच्ची असेल तर नंतरही तेवढीच कच्ची राहते. उरलेल्यांमध्ये एखादी भाषा पुढे जाते, एखादी मागे राहते, एक पूर्ण आल्यावरच दुसरी हलू लागते, किंवा एक सुधारत जाते तशी दुसरी मावळत जाते. हे प्रकार मिशेल पारादी यांनी १९७७ मध्ये वेगळे करून मांडले.

कोणती भाषा आधी येणार याबद्दल दोन जुने अंदाज आहेत. तिओद्युल रिबो यांनी १८८१ मध्ये म्हटलं, जे आधी शिकलं ते टिकतं. आल्बेर पित्र यांनी १८९५ मध्ये म्हटलं, झटक्याच्या आधी जी सर्वांत वापरात होती ती आधी येते. दोन्ही अनेकदा खरे ठरतात आणि दोन्ही अनेकदा फसतात. म्हणून ‘मातृभाषा आहे, ती येणारच’ असं रुग्णाच्या तोंडावर ठासून सांगू नका. नाही आली तर तो स्वतःलाच दोष देत बसतो.

असं का होतं? मेंदूत मराठीचा एक कप्पा, हिंदीचा दुसरा, असं नसतं. भाषांची जाळी बऱ्याच प्रमाणात एकमेकींवर पसरलेली असतात. बहुभाषिक माणूस बोलताना त्याच्या सगळ्याच भाषा थोड्याफार जाग्या असतात, आणि नको ती दाबून हवी ती पुढे आणण्याचं काम कपाळामागचा भाग आणि मेंदूच्या खोलवरचे बेसल गँग्लिया करतात. हा ताबा बिघडला की भाषा शाबूत असूनही हाताशी येत नाही. याचा ठळक पुरावा १९८२ मध्ये नोंदलेल्या मोरोक्कोतल्या एका ननचा आहे. तिला पक्षाघात नव्हता, अपघातात डोक्याला मार लागला होता. काही दिवस तिला अरबी सहज यायची आणि फ्रेंच जवळजवळ नाही, काही दिवस नेमकं उलटं. भाषा पुसली गेली असती तर चार दिवसांनी परत कुठून आली असती? म्हणून ‘मराठी गेली’ असं पहिल्या महिन्यात म्हणू नये. ‘मराठी सध्या हाताला लागत नाही’ हे जास्त खरं आहे.

इतक्या भाषा येत होत्या म्हणून त्रास जास्त झाला का?

नाही. हैदराबादच्या निम्स रुग्णालयातल्या ६०८ पक्षाघात रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. झटक्यानंतर स्मरण, लक्ष, विचार यांची क्षमता नॉर्मल राहिलेले लोक बहुभाषिकांत ४०.५ टक्के होते, एकभाषिकांत १९.६ टक्के. वाचाघाताचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं होतं. म्हणजे जास्त भाषा येत असल्याने वाचाघात टळत नाही, पण वाढतही नाही.

बोलताना भाषांची खिचडी होते. हे आजारपण समजायचं का?

आधी आठवा, झटक्यापूर्वी कसं बोलायचे. ‘गॅस बंद केलास का, सिलेंडर लीक होतोय’ हे पुण्यात शुद्ध घरगुती मराठी आहे. समोरच्याला दोन्ही भाषा येत असतील तर मिसळणं दोष नव्हे. उलट मराठी शब्द सापडेना म्हणून हिंदी शब्द वापरला, तर ती त्या माणसाने शोधलेली वाट आहे, ती अडवू नका.

काळजीची खूण वेगळी: समोरच्याला जी भाषा अजिबात येत नाही तीच बोलत राहणं, आणि लक्षात आणून दिलं तरी न बदलता येणं. दोन वेगळ्या माणसांशी झालेलं बोलणं पाच-पाच मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि थेरपिस्टला ऐकवा. तोंडी वर्णनापेक्षा ते फार उपयोगी पडतं.

चुकांचंही तसंच. मराठीत तीन लिंगं आहेत. जन्मभर ‘ती टेबल’ म्हणणाऱ्या तमिळभाषिक आजोबांनी झटक्यानंतर ‘ती टेबल’ म्हटलं तर ती नवी चूक नाही. पण जन्माने मराठी असलेली बाई ‘मी गेलो’ म्हणू लागली, तर ती नोंद महत्त्वाची.

तपासणी कोणत्या भाषेत व्हायला हवी?

रुग्ण वापरत असलेल्या प्रत्येक भाषेत, शक्यतो वेगवेगळ्या दिवशी. एकाच भाषेत तपासून दिलेला अहवाल अर्धाच असतो. फक्त इंग्रजीत किंवा फक्त मराठीत तपासलं तर वाचाघात आहे त्यापेक्षा भारी दिसू शकतो, किंवा चांगली टिकलेली भाषा कागदावर येतच नाही.

इंग्रजी चाचणीचं जागच्या जागी भाषांतर करून काम भागत नाही. ‘नो इफ्स, अँड्स ऑर बट्स’ हे वाक्य म्हणायला लावतात ते त्यातले बारके शब्द एकापाठोपाठ उच्चारता येतात का ते पाहण्यासाठी. मराठीत त्याचा अर्थ आणला तरी ती अडचण येत नाही, म्हणजे चाचणीचा मुद्दाच हरवतो. चित्रं दाखवतानाही तेच. निवडुंगाच्या चित्राला कोणी ‘कॅक्टस’ म्हणालं तर उत्तर बरोबर धरायचं आणि शेजारी भाषा लिहायची.

जाताना भाषांचा इतिहास एका कागदावर लिहून न्या. प्रत्येक भाषेसाठी: कितव्या वर्षी आणि कोणाकडून शिकले, सध्या कोणाशी आणि दिवसाला साधारण किती तास बोलत, वाचता-लिहिता येत होतं का, शाळा कोणत्या माध्यमाची. त्याखाली हे: मनात हिशोब कोणत्या भाषेत करत? देवाचं कोणत्या भाषेत? चिडल्यावर कोणत्या? पेपर कोणता वाचत? पोटभाषाही लिहा. घरी मालवणी बोलणाऱ्याला पुस्तकी मराठीत प्रश्न विचारले तर तो आजारापेक्षा जास्त अडखळेल.

थेरपिस्टला ती भाषा येत नसेल तर घरचं कोणीतरी दुभाषा होतं, आणि इथे एक चूक हमखास होते: मुलगी वडिलांचं वाक्य दुरुस्त करून सांगते. ‘पाणी... ते... वर’ याचं ती ‘टाकीत पाणी चढवलं का विचारतायत’ करते. अर्थ बरोबर, पण थेरपिस्टला हवी असलेली माहिती त्यात बुडाली. शब्द जसे आले तसे, चुकांसकट, अडखळण्यासकट सांगा. अर्थ नंतर वेगळा सांगा.

थेरपी एकाच भाषेत ठेवावी का? डोक्यात गोंधळ होईल असं नातेवाईक म्हणतात.

हा सल्ला पुष्कळ घरांतून मिळतो आणि तो देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण बाकीच्या भाषा बंद केल्याने उरलेली लवकर येते, असा पुरावा नाही. नुकसान मात्र दिसतं: आजीची मराठी बंद केली तर इंग्रजी माध्यमातल्या नातवाशी इंग्रजी आणि कामाच्या मावशींशी मराठी, यांतलं एक नातं आपण हाताने तोडतो.

सराव कोणत्या भाषेतून सुरू करायचा हे ठरवताना दोन गोष्टी बघा: दिवसभर तिच्याशी कोण बोलणार आहे, आणि तिला स्वतःला काय हवं आहे. रुग्णालयाच्या सोयीची भाषा हा निकष नव्हे. एका भाषेतल्या सरावाचा फायदा कधीकधी दुसरीतही उतरतो, नेहमी नाही. २००६ मधल्या एका छोट्या अभ्यासात, स्पॅनिश आणि इंग्रजी बोलणाऱ्या तिघांवर, कच्च्या भाषेत सराव केल्यावर पक्क्या भाषेतही शब्द सापडू लागल्याचं दिसलं. तीन माणसांवरून नियम होत नाही, पण कच्ची भाषा टाकून देऊ नये एवढं त्यातून नक्की घ्यावं.

मराठी-हिंदी जोडीत सोय मोठी आहे. हात-हाथ, पाणी-पानी, दूध-दूध असे जुळे शब्द आधी घ्या, एकाने दुसऱ्याला ओढून आणता येतं. फसवे जुळे सुरुवातीला टाळा: ‘शिक्षा’ मराठीत दंड, हिंदीत शिक्षण; ‘चेष्टा’ मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न.

घरी सराव नेमका कसा घ्यायचा?

वीस शब्द निवडा, जे त्या माणसाला उद्या लागणार आहेत. सफरचंद आणि हत्तीची चित्रं नकोत. चष्मा, गोळी, रिमोट, जिना, नातवाचं नाव, दूधवाला, असं. एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोनदा, दमायच्या आत थांबायचं. सकाळी चहानंतर बहुतेकांचं चांगलं जमतं.

शब्द अडला की लगेच सांगून टाकू नका आणि ‘आठवा, आठवा’ असंही करू नका. शब्दाभोवती फिरा. समजा ‘किसणी’ अडली. खरी किसणी हातात द्या आणि एकेक विचारा: हे काय प्रकारचं? स्वयंपाकाचं. काय करतात? खोबरं, गाजर किसतात. दिसतं कसं? पत्र्याचं, भोकाभोकांचं. कुठे असतं? ओट्याखालच्या ट्रॉलीत. काय आठवतं? गाजर हलवा, सोललेलं बोट. ही उत्तरं त्यांना आली नाहीत तर तुम्ही द्या. अर्थाचे इतके धागे हलले की शब्द पुष्कळदा आपोआप वर येतो.

तरी नाही आला तर पायरीपायरीने मदत वाढवा:

१. दहा-पंधरा सेकंद गप्प थांबा. घड्याळ लावून बघा, हा वेळ वाटतो त्यापेक्षा खूप मोठा असतो.
२. अर्धं वाक्य द्या: ‘गाजर किसायला घेतली...’
३. पहिलं अक्षर द्या: ‘कि...’
४. शब्द म्हणा, त्यांना मागून म्हणू द्या, आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारा. ही शेवटची उजळणी सोडली तर मेहनत वाया जाते.

त्याच वस्तूचा हिंदी किंवा इंग्रजी शब्द आला तर ‘बरोबर’ म्हणा, मग ‘आणि मराठीत?’ विचारा. उलट क्रमाने, आधी ‘चूक’ म्हणून, नको.

आम्ही त्यांच्याशी बोलायचं कसं?

टीव्ही बंद. एका वेळी एकच माणूस बोलेल. वाक्य छोटं, पण आवाज नेहमीचाच. ते बहिरे झालेले नाहीत. ‘बाबा, चिऊ-काऊ करा’ अशा सुरात मोठ्या माणसाशी बोलू नका, फार लागतं ते.

जाड पेन आणि वही कायम हाताशी ठेवा. ‘जेवायला काय करू?’ याऐवजी ‘पोळी / भात / खिचडी’ लिहून दाखवा. उजव्या बाजूचं दिसणं गेलेलं असू शकतं, म्हणून पर्याय आडवे न लिहिता एकाखाली एक, आणि कागद किंचित डावीकडे.

हो-नाही हा सगळ्यांत फसवा भाग. वाचाघातात ‘हो’ म्हणायचं असताना ‘नाही’ निघतं, आणि आपल्याकडे मान अशी डोलते की हो की नाही ते धडधाकट माणसाचंही कळत नाही. अंगठा वर आणि अंगठा खाली ठरवून घ्या. महत्त्वाचा प्रश्न उलटून पुन्हा विचारा: ‘छातीत दुखतंय?’ नंतर ‘छातीत काही दुखत नाही ना?’ दोन्हींना ‘हो’ आलं तर त्या उत्तरावर विसंबू नका.

आरती संपूर्ण म्हणतात, पण पाणी मागता येत नाही. मुद्दाम करतात का?

मुळीच नाही. पाढे, वार, आरत्या, शिव्या हे सरावाने घट्ट विणलेलं बोलणं असतं. त्यासाठी दरवेळी शब्द निवडून वाक्य बांधावं लागत नाही. सुराला मेंदूच्या उजव्या भागाचीही मदत मिळते. १९७३ पासून सुरावर बोलण्याची उपचारपद्धत वापरात आहे: ‘पा-णी-द्या’ दोन सुरांत लांबवत, डाव्या हाताने ताल धरत म्हणायचं, मग हळूहळू सूर काढून घ्यायचा. नुसत्या आरत्या म्हणवून घेतल्याने मागणं सुधारत नाही, पण आवाज फुटतो आणि चेहरा खुलतो. त्यालाही किंमत आहे.

आकडे उलटसुलट का सांगतात?

मराठीत ‘पंचवीस’मध्ये पाच आधी, वीस नंतर, इंग्रजीत ‘ट्वेंटी फाइव्ह’. दोन भाषांत हिशोब करणाऱ्याचे २५ आणि ५२ इथे अदलाबदल होतात. शिवाय त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर हे कानाला जवळचे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘तेवीस’साठी ‘वीस तीन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा बराच वाद झाला होता. वाचाघातात मात्र ती रीत खरंच हात देते. फोन नंबर आणि ओटीपी एकेक अंक करून, ० ते ९ लिहिलेल्या पुठ्ठ्यावर बोट ठेवून सांगू द्या. यूपीआयची मर्यादा कमी करून ठेवा, फोनवरच्या ठगाला हा माणूस नाही म्हणू शकत नाही.

सुधारणा किती दिवस होते?

सर्वांत वेगाने पहिल्या तीन महिन्यांत, पण दार तिथे बंद होत नाही. जर्मनीत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५६ रुग्ण होते, सगळ्यांच्या वाचाघाताला सहा महिने उलटून गेले होते. तीन आठवडे, आठवड्याला किमान १० तास थेरपी दिल्यावर त्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. आठवड्यातून एकदा अर्धा तास जाऊन ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी तास मोजावेत.

मधेच एकदम बोलणं घसरलं तर तो नवा झटका किंवा फिट असू शकते: पुन्हा १०८. हळूहळू खाणं-झोप बिघडली, थेरपी नको म्हणाले, तर नैराश्य तपासून घ्या. ते पक्षाघातानंतर फार सामान्य आहे आणि त्यावर औषध आहे.

स्पीच थेरपिस्ट निवडताना काय पाहायचं?

भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी. ती विचारायला संकोच करू नका. धनकवडीत भारती विद्यापीठाचं वाचा-श्रवण उपचारांचं महाविद्यालय आहे. पहिल्या भेटीत एक गोष्ट बघा: ते घरातल्या सगळ्या भाषांबद्दल विचारतात का? नाही विचारलं तर तुमचा कागद पुढे करा.

सही जमत नाही. बँकेचं आणि प्रमाणपत्राचं काय?

सही करता येत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अंगठा चालतो. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. डाव्या हाताची नवी सही जमू लागली की ती बँकेत नोंदवून घ्या.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वात वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात. दोष कायमचा आहे असं दिसावं लागतं, म्हणून झटक्यानंतर लगेच गेल्यास बहुधा थांबायला सांगतात. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. सोबतच्या थेरपी अहवालात प्रत्येक भाषेची स्थिती वेगळी लिहून घ्या. नाहीतर तपासणीच्या खोलीत वडील हिंदीतली चार वाक्यं नीट बोलतात, आणि घरात ज्या मराठीत ते मुके झाले आहेत ती कोणी विचारतच नाही.